कंपनीचा सीएसआर निधी नेमका कुठे आणि कसा खर्च करावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा, म्हणजेच सीएसआरचा, कायदा लागू होऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी एमआयडीसीतल्या अनेक मध्यम कंपन्यांमध्ये हा विषय अजूनही फेब्रुवारी-मार्चमध्येच निघतो आणि मग जो हात पुढे येईल त्याच्या हातावर पैसे ठेवले जातात. कंपनी आणि गाव या दोघांच्या मध्ये उभे राहून हे काम करताना मालक, कंपनी सेक्रेटरी आणि मनुष्यबळ अधिकारी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकले, ते येथे घेतले आहेत. कायद्यापेक्षा प्रत्यक्ष कामाविषयी अधिक लिहिले आहे, कारण कायदा सांगणारे सीए प्रत्येक कंपनीकडे असतात, पण गावातल्या कामाचे पुढे काय होते हे सांगणारे फार कमी असतात.

आमच्या कंपनीला सीएसआर लागू होतो का?

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. लगतच्या मागील आर्थिक वर्षात कंपनीचे नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी रुपये किंवा अधिक, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक असेल, तर ही जबाबदारी येते. तिन्हींपैकी एक अट पूर्ण झाली तरी पुरे. मध्यम आकाराच्या बहुतेक कंपन्या तिसऱ्या अटीमुळे या कक्षेत येतात आणि नफ्याचे एखादे चांगले वर्ष गेले की त्यांना ते अचानक कळते. भागीदारी संस्था, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) आणि एकल मालकीचे व्यवसाय यांना हे कलम लागू नाही.

किती रक्कम खर्च करावी लागते?

मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के. हा नफा कर भरण्यापूर्वीचा असतो आणि तो कलम १९८ मधील पद्धतीने काढावा लागतो, त्यामुळे ताळेबंदातील आकडा जसाच्या तसा उचलू नये. समजा, तीन वर्षांचा नफा ६, ९ आणि १२ कोटी रुपये असेल, तर सरासरी ९ कोटी आणि सीएसआरची रक्कम १८ लाख रुपये होते. कंपनीला तीन वर्षे पूर्ण झाली नसतील, तर जितकी वर्षे झाली तितक्यांची सरासरी धरली जाते. एखाद्या वर्षी दोन टक्क्यांहून अधिक खर्च झाला, तर जादा रक्कम पुढील तीन आर्थिक वर्षांत वळती करून घेता येते, मात्र त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव हवा.

सीएसआर समिती नेमणे बंधनकारक आहे का?

खर्चाची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर वेगळी समिती नको, संचालक मंडळच ते काम पाहू शकते. त्यापुढे समिती लागते.

समिती असो वा नसो, एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ज्या कंपनीत शॉप फ्लोअरवरचा एखादा जुना सुपरवायझर, जो स्वतः आसपासच्या गावातला आहे, या चर्चेला बसवला जातो, तिथे निर्णय चांगले होतात. कोणत्या वाडीला एप्रिलमध्ये टँकर लागतो, कोणत्या शाळेचे मुख्याध्यापक तळमळीचे आहेत, कोणत्या पुढाऱ्याचे ट्रस्ट केवळ कागदावर आहे, हे त्याला कोणत्याही अहवालाशिवाय ठाऊक असते.

कोणत्या कामांवर हा निधी खर्च करता येतो आणि कोणत्या नाही?

कायद्याच्या सातव्या अनुसूचीत विषय दिले आहेत. आरोग्य, कुपोषण, स्वच्छता आणि पिण्याचे पाणी, शिक्षण व कौशल्ये, स्त्रियांचे सक्षमीकरण, वृद्धांसाठी सोयी, पर्यावरण, वारसा जतन, माजी सैनिक आणि वीरपत्नी, ग्रामीण खेळ, ग्रामविकास, झोपडपट्टी विकास, आपत्ती व्यवस्थापन असा त्यांचा पल्ला मोठा आहे आणि या विषयांचा अर्थ उदारपणे लावावा असे केंद्र सरकारनेच सांगितले आहे.

जे चालत नाही ते अधिक लक्षात ठेवावे. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च, राजकीय पक्षाला दिलेली देणगी, उत्पादनाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व, दुसऱ्या कायद्याने मुळातच बंधनकारक असलेले काम आणि नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम यांपैकी काहीही सीएसआरमध्ये धरले जात नाही. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा अशा एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांचा खर्चही धरला जात नाही. मुख्यमंत्री सहायता निधी सातव्या अनुसूचीत नाही, ही गोष्ट अनेकांना उशिरा समजते. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि पीएम केअर्स मात्र त्यात आहेत.

कामगारांच्या सोयी सीएसआरमध्ये धरता येत नाहीत, मग त्यांचा सामाजिक उत्तरदायित्वाशी काही संबंध नाही असे समजायचे का?

मुळीच नाही, उलट सुरुवात तिथूनच व्हायला हवी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखान्याबरोबर वसाहत उभारली आणि तिथे अस्पृश्यता पाळू दिली नाही, तेव्हा दोन टक्क्यांचा कोणताही कायदा नव्हता. कारखाना आपल्या माणसांशी कसा वागतो, हीच गावाच्या दृष्टीने त्याची पहिली ओळख असते.

कंत्राटी कामगारांचा पगार ठरल्या तारखेला होतो का आणि त्यांचा पीएफ खरोखर भरला जातो का, ५० किंवा अधिक कर्मचारी असताना पाळणाघराची सोय केवळ नकाशात आहे की तिथे मुले असतात, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी नेमायची अंतर्गत समिती काम करते की तिचा फलक तेवढा भिंतीवर आहे, सूक्ष्म व लघु पुरवठादारांची बिले कायद्याने सांगितलेल्या ४५ दिवसांत निघतात का, सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा रात्रपाळीतही चालू असते का, या प्रश्नांना निधी लागत नाही, व्यवस्थापनाची इच्छा लागते. ज्या ओढ्यात कारखान्याचे पाणी रात्री सोडले जाते, त्याच ओढ्याकाठी दिवसा वृक्षारोपण करणाऱ्या कंपनीला गावकरी तोंडावर काही बोलत नाहीत, पण विसरतही नाहीत. बाजार मूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण, कामगार आणि कारभार यांविषयीचा सविस्तर अहवाल शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमांनुसार द्यावा लागतो. लहान कंपन्यांनाही त्यातील प्रश्नावली स्वतःला तपासून पाहण्यासाठी उपयोगी पडते.

काम निवडायचे कसे? मागण्या तर रोज येतात.

मागण्यांच्या फायलीतून काम निवडू नका, कारण ज्यांना अर्ज लिहिता येतो आणि ज्यांची ओळख असते त्यांच्याच मागण्या तिथपर्यंत पोहोचतात. कारखान्याच्या आसपासच्या चार-पाच गावांत प्रत्यक्ष जाऊन या. ग्रामपंचायतीत बसा, मग अंगणवाडीत जा, प्राथमिक आरोग्य उपकेंद्रात जा आणि शेवटी आशा सेविकेशी बोला. आपण ज्या इलाख्यात व्यवसाय करतो त्याला प्राधान्य द्यावे असे कायदाही सांगतो, मात्र सरकारच्या खुलाशानुसार ती मार्गदर्शक सूचना आहे, सक्ती नाही. ही मोकळीक महत्त्वाची आहे, कारण सीएसआरचा पैसा जिथे कारखाने आहेत तिथेच साचतो. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव हे राज्यातील चार जिल्हे केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहेत. रकमेचा काही भाग तिथे जाणकार संस्थेमार्फत पाठवता आला, तर त्या पैशाचे मोल निश्चितच जास्त होते.

गावात बैठक घेतली की पहिल्या दहा मिनिटांत सभामंडप, प्रवेशद्वार आणि हायमास्ट दिवे यांची मागणी होते. ती नाकारून उठू नका, बसून राहा. थोड्या वेळाने मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी कोणीतरी पाण्याचे किंवा पोरींच्या एसटीचे नाव काढते आणि खरी बैठक तिथून सुरू होते. जमल्यास स्त्रियांची बैठक वेगळी घ्या. १८ लाख रुपये असतील तर नऊ कामांना दोन-दोन लाख देण्यापेक्षा एका कामावर तीन वर्षे टिकून राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिल्हा परिषद शाळेसाठी काही करायचे आहे. काय दिल्याने खरोखर उपयोग होईल?

शाळेला काय दिले जाते आणि शाळेला काय लागते, यात मोठे अंतर असते. दप्तरे, डिजिटल फळा आणि संगणक देणारे पुष्कळ भेटतात. वीजबिल, स्वच्छतागृहाची रोजची सफाई आणि पाण्याची टाकी भरण्याची व्यवस्था यांसाठी कोणी पुढे येत नाही.

आमच्याच हातून झालेली एक चूक येथे सांगतो. एका शाळेत आम्ही मुलींसाठी चांगले स्वच्छतागृह बांधून घेतले, फरशी बसवली, उद्घाटन झाले, फोटो निघाले. सात-आठ महिन्यांनी सहज डोकावलो तर दाराला कुलूप होते आणि किल्ली कार्यालयातल्या टेबलाच्या खणात होती. छतावरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार जळली होती, पाण्यावाचून घाण होऊ लागली म्हणून शिक्षिकेने नाइलाजाने कुलूप लावले होते आणि मुली पूर्वीसारख्याच मधल्या सुट्टीत घरी जात होत्या. मोटारीच्या दुरुस्तीला अडीच हजार रुपये लागणार होते. बांधकामावर लाखो रुपये खर्च करताना आम्ही या अडीच हजारांची तरतूद कोणाच्याच नावावर ठेवली नव्हती.

तेव्हापासून आम्ही शाळेच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात तीन वर्षांची देखभाल-दुरुस्ती आणि सफाईचे मानधन आधी लिहितो आणि मग उरलेल्या रकमेत काय बांधता येईल ते पाहतो. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालक बहुसंख्य असतात. काम सुरू करण्यापूर्वी या समितीचा ठराव घ्या, किल्ली कोणाकडे राहणार हेही त्यात लिहून घ्या. उसतोडणीला जाणारी कुटुंबे ज्या गावांत आहेत तिथे तर इमारतीपेक्षा माणसाची गरज अधिक आहे. आईबाप दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांकडे निघतात, तेव्हा मुले आजीजवळ गावातच राहावीत यासाठी हंगामी वसतिगृह किंवा दोन वेळच्या जेवणाची सोय झाली, तर त्या मुलांचे अख्खे शैक्षणिक वर्ष वाचते.

पाण्याचे काम करायचे असेल तर?

आधी ठरवा की प्रश्न पाण्याच्या कमतरतेचा आहे की पाण्याच्या प्रतीचा. प्रतीचा प्रश्न असेल तर यंत्र विकत घेण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्या. पाणी केवळ गढूळ किंवा जंतुयुक्त असेल, तर साधी गाळणी आणि नियमित क्लोरीन पुरते. आरओ यंत्रात पाण्याचा बराच भाग वाया जातो, त्यामुळे पाणी फार क्षारयुक्त असल्याशिवाय ते बसवू नये, आणि बसवलेच तर त्यातील मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) बदलण्याचा खर्च कोण करणार हे आधी ठरवावे.

कमतरतेच्या गावांत सर्वांत साधे आणि हमखास उपयोगी काम म्हणजे जुन्या पाझर तलावातील गाळ काढणे. राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली. तिची मूळ मांडणी मला फार आवडते, कारण यंत्राचा आणि डिझेलचा खर्च सरकारने किंवा देणगीदाराने करायचा आणि गाळ मात्र शेतकऱ्यांनी स्वखर्चाने वाहून न्यायचा. त्यामुळे कामाला मालक मिळतो. एक घनमीटर गाळ निघाला की एक हजार लिटर पाण्याला जागा होते आणि तो गाळ हलक्या जमिनीवर पसरला की जमिनीचा पोत सुधारतो. पोकलेनचे मीटर वाचन आणि डिझेलची नोंद रोजच्या रोज वहीत घेऊन त्यावर गावातील दोघांच्या सह्या घ्याव्यात. संबंधित खात्याची लेखी परवानगी आधी काढावी, आणि गाळाच्या नावाखाली मुरूम किंवा वाळू जाऊ लागली तर त्याच दिवशी काम थांबवावे. या कामाचा हंगाम मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत असतो. म्हणून मंडळाची मंजुरी जानेवारीतच घेऊन ठेवली पाहिजे.

काम स्वतः करावे की संस्थेमार्फत? संस्था पारखायची कशी?

कंपनी स्वतः काम करू शकते. संस्थेमार्फत करायचे असेल तर त्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ‘सीएसआर-१’ अर्जाद्वारे नोंदणी झालेली असावी लागते. ही अट १ एप्रिल २०२१ पासून आहे. न्यास, सोसायटी किंवा कलम ८ खालील (नफा न वाटणारी) कंपनी अशा स्वरूपाची आणि आयकराच्या १२ए व ८०जी या करसवलतीच्या नोंदणी असलेली संस्था साधारणपणे चालते. कंपनीने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेला अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही हवा.

कागद तपासून झाले की संस्थेने तीन वर्षांपूर्वी पूर्ण केलेले एक काम दाखवायला सांगा. नवे काम प्रत्येकजण दाखवतो, जुन्या कामावर घेऊन जाताना माणूस कचरतो की उत्साहाने पुढे चालतो, यावरून पुष्कळ कळते. गावात त्या कार्यकर्त्याला लोक नावाने हाक मारतात का, तेही पाहा.

देणगीचा धनादेश घेऊन त्यातील काही टक्के रोखीने परत देऊ, असे सांगणारे लोक या क्षेत्रात आहेत. त्यांना दारातूनच परत पाठवावे. हा सरळ गुन्हा आहे आणि मंजूर कामासाठीच निधी वापरला गेला असे प्रमाणपत्र कंपनीच्या वित्त प्रमुखाला स्वतःच्या सहीने द्यावे लागते. रक्कम एकदम न देता तीन-चार हप्त्यांत द्यावी. मात्र हप्ता अडकवून ठेवू नये, कारण लहान संस्थेच्या कार्यकर्त्यांचा पगार त्यावरच अवलंबून असतो.

संस्था प्रशासकीय खर्च मागते. तो द्यावा का?

द्यावा. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे, प्रकल्पावर प्रत्यक्ष राबणाऱ्या माणसांच्या मानधनाला नाही. शंभर टक्के पैसा लाभार्थ्यांपर्यंत पोहोचला पाहिजे, असे सांगताना तो पोहोचवणाऱ्या माणसाला मोटारसायकलचे पेट्रोल लागते, हे विसरून चालत नाही.

वर्षअखेर पैसे उरले तर काय होते?

काम बहुवार्षिक असेल आणि मंडळाने ते तसे मंजूर केले असेल, तर उरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत बँकेतील स्वतंत्र ‘अखर्चित सीएसआर खात्यात’ ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. बहुवार्षिक काम नसेल, तर वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ती सातव्या अनुसूचीतील निधीत भरावी लागते. तसे न केल्यास कंपनीला भरावयाच्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढा दंड होतो. जबाबदार अधिकाऱ्यालाही त्या रकमेच्या एक दशांश किंवा २ लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढा वैयक्तिक दंड आहे. थोडक्यात, मार्चअखेरची धावपळ टाळण्याचा मार्ग कायद्यानेच दिलेला आहे.

या खर्चावर करसवलत मिळते का?

सीएसआरचा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करता येत नाही. सीएसआरसाठी घेतलेल्या वस्तू व सेवांवरील जीएसटीचे क्रेडिटही आता मिळत नाही. नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या काही देणग्यांवर ८०जीसारख्या तरतुदींचा लाभ मिळू शकतो, त्याविषयी आपल्या सीएंना विचारावे.

आमचे कर्मचारी श्रमदान करतात. त्या वेळेचे मूल्य धरता येते का?

नाही, वेळेचे रुपयांत रूपांतर करून तो खर्च दाखवता येत नाही. तरीही हे काम जरूर करा, फक्त माणसाचे कसब वापरले जाईल असे काम द्या. चाळीस अभियंते एक दिवस येऊन शाळेची भिंत रंगवतात, त्यापेक्षा त्यांतील दोघांनी दर शनिवारी जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन बंद पडलेले लेथ सुरू केले आणि मुलांना व्हर्नियर व मायक्रोमीटर हातात धरून मोजमाप शिकवले, तर त्या मुलांना मुलाखतीत त्याचा थेट उपयोग होतो. लेखा विभागातील कोणी महिला बचत गटांच्या नोंदवह्या तपासून दिल्या, तर त्यांचे बँकेतील कर्जप्रकरण अडत नाही.

परिणाम कसा मोजायचा?

ज्या कंपन्यांची सीएसआरची जबाबदारी मागील तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये किंवा अधिक आहे, त्यांना १ कोटी रुपये किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे, ते पूर्ण होऊन किमान एक वर्ष झाल्यावर, त्रयस्थ संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावे लागते. इतरांवर सक्ती नाही, पण न सांगता दिलेली एक भेट पुष्कळ काही दाखवते. लाभार्थ्यांची संख्या मोजून फारसे कळत नाही. नळाखालची जमीन ओली आहे का, वाचनालयाच्या नोंदवहीतील शेवटची तारीख कोणती, शिलाई यंत्रावर धूळ आहे की दोऱ्याचे तुकडे, हे पाहून या आणि जे दिसेल ते बिघडलेले असले तरी मंडळापुढे तसेच मांडा.

आम्हाला कायदा लागू नाही, पण काहीतरी करायचे आहे.

मग तुम्ही कागदपत्रांच्या बंधनातून मोकळे आहात. कॅन्टीनची भाजी, भाकरी आणि मसाला जवळच्या बचत गटाकडून घ्या आणि पैसे आठवड्याला चुकते करा. भरतीत अपंग व्यक्तींसाठी दोन जागा ठेवा. एकाच वसाहतीतील पाच-सहा लहान कारखान्यांनी मिळून एका उपकेंद्रासाठी इन्व्हर्टर आणि लस साठवण्याच्या शीतपेटीच्या देखभालीचा खर्च उचलला, तर प्रत्येकाच्या वाट्याला अगदी थोडी रक्कम येते.

कामाच्या ठिकाणी कंपनीच्या नावाची पाटी लावावी का?

लहानशी पाटी लावायला हरकत नाही. तिच्यावर एकूण खर्चाची रक्कम, काम पूर्ण झाल्याचा महिना, देखभाल कोणाकडे आहे आणि बिघाड झाल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, एवढे ठळक लिहावे. कंपनीचे नाव त्याखाली बारीक अक्षरांत आले तरी चालते. तो फोन कंपनीत कोण उचलणार, हे मात्र पाटी रंगवायला देण्यापूर्वी ठरवावे.